रंग सुटा पाहू नये: घराच्या भिंतीपासून साडी-ब्लाउजपर्यंत रंग ठरवण्याची पद्धत

साडीच्या दुकानात गादीवर मांडलेल्या ढिगातून एक साडी उचलून "जरा उजेडात पाहते" असे म्हणत दाराशी जाणारी बाई रंगांच्या बाबतीतला पहिला नियम पाळत असते. दुकानातल्या दिव्याखाली डाळिंबी वाटलेला रंग रस्त्यावरच्या उन्हात विटकरीकडे झुकू शकतो, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. घराला रंग लावायची वेळ आली, की मात्र हीच सावधगिरी आपण सगळे विसरतो, आणि काडेपेटीच्या निम्म्याएवढ्या चौकोनावरून दहा बाय बारा फुटांच्या खोलीचा निर्णय घेऊन टाकतो.

रंग वस्तूवर कायमचा चिकटलेला नसतो. वस्तूचा पृष्ठभाग, त्यावर पडणारा उजेड, शेजारचे रंग आणि पाहणारा डोळा या चौघांच्या मेळातून तो दिसतो, आणि यांपैकी एक जरी बदलला तरी रंग बदलल्यासारखा भासतो. २०१५ च्या फेब्रुवारीत एका ड्रेसच्या छायाचित्रावरून जगभर वाद झाला, तो याच कारणाने. प्रत्यक्षात निळा-काळा असलेला तो ड्रेस कित्येकांना पांढरा-सोनेरी दिसत होता, कारण तो कोणत्या उजेडात ठेवला आहे याचा अंदाज प्रत्येकाचा मेंदू आपापल्या परीने बांधत होता. खालील पद्धत या चार घटकांचा एकेक करून विचार करते. ती प्रामुख्याने घराच्या रंगासाठी लिहिली असली, तरी कपड्यांनाही जवळपास तशीच लागू पडते.

पहिली पायरी: आवड नेमकी कशाची आहे ते शोधावे

"मला निळा आवडतो" या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही, कारण अस्मानी, मोरपंखी, चिंतामणी आणि शाळेच्या गणवेशाचा गडद निळा हे चार वेगळे अनुभव आहेत. म्हणून रंगाचे नाव न घेता घरातल्या आठ-दहा आवडत्या वस्तू एका चादरीवर मांडाव्यात. त्यात आजीचे जुने पातळ, चिनी मातीचा कप, एखादी रजई, वापरून गुळगुळीत झालेला पाट, काहीही चालेल. या वस्तू तासभर नजरेसमोर राहिल्या, की कोणते दोन-तीन रंग पुन्हा पुन्हा येतात ते आपोआप दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्टीफन पामर आणि कॅरेन श्लॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये अशी मांडणी केली, की माणसाची रंगाची आवड ही त्या रंगाच्या वस्तूंबद्दलच्या त्याच्या आवडीनिवडीतून घडत जाते. स्वच्छ आकाश आणि पाणी आवडणाऱ्याला निळा आवडतो, तर कुजक्या वस्तूंची आठवण करून देणारा मळकट पिवळा-हिरवा नकोसा वाटतो. ही मांडणी मला पटते. 'पिवळ्याने भूक वाढते, जांभळ्याने मन शांत होते' अशा ठरीव तक्त्यांवर मात्र मी घराचा निर्णय सोपवणार नाही, कारण एकाच रंगाशी दोन माणसांच्या आठवणी वेगळ्या असतात आणि तक्त्याला त्या ठाऊक नसतात.

दुसरी पायरी: रंगाचे तीन गुण वेगळे करून पाहावेत

नवरात्रात पिवळा रंग ठरलेल्या दिवशी लोकलच्या महिला डब्यात नजर टाकली, तर लिंबू, हळदी, सोनसळी, मोहरी आणि श्रीखंडी असे सारे पिवळे एकाच वेळी दिसतात. सर्वांचे नाव एक असूनही त्यांतले काही एकमेकींशेजारी शोभतात, काही शोभत नाहीत. याचे कारण असे, की प्रत्येक रंगाला तीन स्वतंत्र गुण असतात. पहिला गुण रंगछटा, म्हणजे तो लाल आहे की पिवळा की हिरवा. दुसरा उजळता, म्हणजे तो पांढऱ्याच्या जवळ आहे की काळ्याच्या. आणि तिसरा तीव्रता, म्हणजे तो भडक आहे की राखाडीत मिसळल्यासारखा मवाळ. अमेरिकन चित्रकार आल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगांची जी मोजणी बसवली, ती याच तीन गुणांवर आधारलेली आहे.

आपण रंग निवडताना बहुधा पहिल्या गुणाचीच चर्चा करतो. प्रत्यक्षात खोली बिघडते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या गुणांमुळे. उजळतेची पारख करण्यासाठी मोबाईल पुरेसा आहे. रंगांचे नमुने शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि ते कृष्णधवल करावे. लाल आणि हिरवा हे डोळ्यांना अगदी विरुद्ध वाटणारे रंग अशा छायाचित्रात अनेकदा सारख्याच राखाडी रंगाचे निघतात. असे रंग एकमेकांना भिडवले, तर त्यांच्यामधली कड डोळ्यांपुढे थरथरल्यासारखी वाटते आणि नक्षी उठून दिसत नाही. तीव्रतेसाठी असे यंत्र नाही. दोन नमुने एका पांढऱ्या कागदावर ठेवून डोळे किलकिले करावेत. जो आधी नजर खेचतो तो अधिक तीव्र.

तिसरी पायरी: खोलीतल्या उजेडाची नोंद करावी

रंगाचे कार्ड हातात घेण्यापूर्वी निदान एक दिवस नुसती खोली पाहावी. सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि दिवे लागल्यानंतर अशा चार वेळी कोणत्या भिंतीवर किती आणि कसा उजेड येतो, ते वहीत लिहावे. पश्चिमेच्या खिडकीतून उतरत्या उन्हाचा केशरी उजेड येतो आणि फिकट पीच रंग त्या दोन तासांत गाजरी होतो. उत्तरेच्या खिडकीतून प्रामुख्याने आकाशाचा निळसर उजेड येतो, म्हणून तिथे राखाडी अधिक थंड दिसतो. युरोपातल्या पुस्तकांतले उत्तरेच्या खोल्यांबद्दलचे सल्ले मात्र आपल्याकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. तिथे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य माध्यान्हीला डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येऊ शकते.

आपल्याकडची दुसरी अडचण हंगामाची आहे. पुष्कळ घरांत रंगकाम गणपतीच्या आधी उरकले जाते, म्हणजे रंगाची निवड ढगाळ, मंद आणि निळसर उजेडात होते. त्या उजेडात खोली उदास वाटते म्हणून माणूस एक पायरी भडक रंग घेतो, आणि ऑक्टोबरचे ऊन पडले की तोच रंग डोळ्यांत घुसतो. पावसाळ्यात निवड करावीच लागली, तर मनात बसलेल्या रंगापेक्षा एक पायरी मवाळ रंग घेणे शहाणपणाचे ठरते.

दिव्यांचा हिशेब आणखी सोपा आहे, कारण तो खोक्यावरच छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्विनचा दिवा पिवळसर, ४००० चा मधला आणि ६५०० चा पांढरा-निळसर उजेड देतो. पिवळसर दिव्याखाली निळे रंग मंदावतात आणि लाल-पिवळे खुलतात. ६५०० च्या दिव्याखाली याच्या बरोबर उलट होते. त्याच खोक्यावर सीआरआय नावाचा एक आकडा बहुधा असतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे ते माप असून त्याची कमाल १०० आहे. ८० चा दिवा कामापुरता ठीक असतो, पण आरशापाशी, कपाटापाशी आणि ओट्यावर ९० च्या पुढचा लावला, तर भाजीचा हिरवा आणि साडीचा लाल खरा दिसतो. माझा सल्ला असा, की आधी दिवे ठरवावेत आणि मग रंग. दिवा बदलणे शंभर-दोनशे रुपयांत होते, भिंत बदलणे होत नाही.

मंद उजेडाचा एक वेगळाच नियम आहे. तिन्हीसांजेला अंगणातली जास्वंद पाहिली, तर लाल फूल आधी काळवंडते आणि पाने त्यामानाने उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम असा घडतो, की उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी पुढे येतात, ज्यांना लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही. रात्री मंद दिवा लावायच्या खोलीत गडद लाल पडदा काळाच दिसणार, हे आधीच धरून चालावे.

चौथी पायरी: न बदलणाऱ्या गोष्टी आधी मांडाव्यात

फरशी, ओट्याचा दगड, लाकडी कपाटे, दारे आणि खिडकीबाहेरचे दृश्य या गोष्टी रंगासाठी कोणी बदलत नाही, म्हणून भिंतीचा रंग त्यांच्या जवळ नेऊनच पाहावा. कोटा फरशीत हिरवट छटा असते आणि शहाबादीत निळसर-राखाडी. लाल कोब्यावर दुपारचे ऊन पडले की समोरची पांढरी भिंत खालच्या बाजूने गुलाबी होते. खिडकीशी आंब्याचे झाड असेल, तर खोलीतला सगळाच उजेड हिरवट असतो आणि तिथे फिकट गुलाबी भिंत मळकी दिसते. हे उसने रंग शेड कार्डावर कुठेच छापलेले नसतात.

पांढऱ्याची निवड करणाऱ्यांनी या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. मोतिया, दुधी, हस्तिदंती हे सगळे पांढरे एकेका बाजूला कललेले असतात, आणि तो कल सुटा नमुना पाहून कळत नाही. प्रिंटरचा कोरा कागद शेजारी धरला, की कोणता पिवळ्याकडे आणि कोणता गुलाबीकडे झुकतो ते लगेच उघड होते. पांढरेपणा किती सापेक्ष असतो हे आपल्या धुण्यात पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. जुना सदरा पिवळसर पडतो, त्यावर नीळ घातली की पिवळेपणा मारला जातो. कापड खरे तर आधीपेक्षा थोडा कमीच उजेड परतवते, तरीही डोळ्यांना ते अधिक शुभ्र वाटते.

पाचवी पायरी: शेजार तपासावा

रंगांच्या शेजाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास एका तक्रारीतून झाला. मिशेल यूजेन शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलां या शाही विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथल्या विणकरांची तक्रार होती, की निळ्या आणि जांभळ्या भागांत सावलीसाठी वापरलेला काळा धागा फिका पडतो. शेव्हरल यांनी इतर कारखान्यांतला काळा धागा मागवून तुलना केली, तेव्हा आपल्या काळ्यात काहीच खोट नसल्याचे त्यांना आढळले. दोष शेजारच्या रंगांचा होता. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध दिशेला ढकलतो, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

व्यवहारात या नियमाचा अर्थ पुढीलप्रमाणे लावावा. हिरव्याशेजारचा राखाडी किंचित लालसर दिसतो, तर लालशेजारचा हिरवट. गडद रंगाशेजारचा मध्यम रंग उजळतो आणि पांढऱ्याशेजारी तोच काळवंडतो. रंगचक्रात समोरासमोर येणाऱ्या जोड्या, म्हणजे लाल-हिरवा, निळा-नारिंगी आणि पिवळा-जांभळा, या एकमेकींचा भडकपणा वाढवतात. म्हणून अशा जोडीतले दोन्ही रंग पूर्ण तीव्रतेने वापरण्याऐवजी एक तीव्र आणि दुसरा मवाळ किंवा गडद ठेवावा. वांगी रंगाची साडी आणि भडक लिंबू ब्लाउज यांची झुंज होते. त्या लिंबूच्या जागी मोहरी घेतली की जोडी तीच राहते, पण झुंज थांबते.

दोन तीव्र रंग शेजारी हवेच असतील, तर त्यांच्यामध्ये तटस्थ रेघ घालावी. आपल्या विणकरांनी जरीचे काम त्यासाठीच वापरले असावे, असे मला वाटते. हिरव्या अंगाचा आणि लाल काठाचा संसर्ग जिथे होणार तिथे सोन्याची बारीक रेघ आली, की दोन्ही रंग आपापल्या जागी शांत राहतात. पणजीच्या फोंताइन्यश भागात निळ्या, पिवळ्या आणि तांबड्या भिंतींच्या घरांना दारे-खिडक्यांभोवती पांढऱ्या पट्ट्या काढलेल्या दिसतात. त्यांचे कामही तेच असते. घरात ही रेघ खिडकीच्या चौकटीने, पांढऱ्या छताने किंवा फरशीलगतच्या पट्टीने साधता येते.

जो हे सगळे टाळू इच्छितो, त्याच्यासाठी एकाच रंगछटेच्या तीन उजळता घेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. मात्र त्यात चुका होत नसल्या, तरी काही घडतही नाही, म्हणून अशा खोलीत पोत तरी वेगवेगळे असावेत: खादी, वेत, पितळ, खरखरीत सतरंजी.

सहावी पायरी: प्रमाण ठरवावे

सजावटकार ६०-३०-१० असे प्रमाण सांगतात: साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के सोबतीचा आणि दहा टक्के ठसक्याचा. मराठी माणसाला हे पाठ करण्याची गरज नाही. साडीचे अंग, पदर आणि काठ डोळ्यांसमोर आणावेत आणि त्या हिशेबाने भिंती, पडदे-फर्निचर आणि उशा-चित्रे वाटून द्यावीत.

सातवी पायरी: नमुना खोलीतच पाहावा

काही वर्षांपूर्वी झोपायच्या खोलीसाठी मी शेड कार्डावरून फिकट पिस्ता रंग निवडला आणि थेट चारही भिंतींना लावून घेतला. दिवसा तो कार्डावर होता त्याच्या दुप्पट हिरवा वाटे आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली मळक्या ताकासारखा दिसे. कार्डही बरोबर होते आणि रंगारीही. चूक नमुना न पाहण्याची होती. पृष्ठभाग मोठा झाला की रंग अधिक तीव्र भासतो, आणि खोलीत समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकून तो आणखी वाढवतात. कोपऱ्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते.

यासाठी दोन फूट लांब-रुंद पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्यावा, त्यावर आधी प्रायमर आणि मग नमुन्याच्या छोट्या डब्यातला रंग दोन हात लावावा. थेट जुन्या भिंतीवर पट्टा मारू नये, कारण सभोवतालचा जुना रंग वर सांगितलेल्या नियमाने नव्याला बिघडवतो. रंग पूर्ण वाळेपर्यंत मत बनवू नये. इमल्शन वाळल्यावर बहुधा थोडे गडद होते. मग तो तुकडा खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या भिंतीवर आणि कोपऱ्यात असा तीन ठिकाणी, निदान तीन दिवस, दिवसा व दिव्याखाली पाहावा. मनात दोन रंग असतील, तर दोन्ही तुकडे शेजारी ठेवू नयेत, आळीपाळीने ठेवावेत. शेवटी, नमुना आणि प्रत्यक्ष काम यांत चकाकी एकच असावी. तोच रंग मॅटमध्ये मऊ आणि ग्लॉसमध्ये गडद दिसतो, शिवाय चकाकी भिंतीचे सगळे उंचसखल उघडे पाडते.

कपड्यांची जोडणी

मॅचिंगच्या दुकानात साडीचे छायाचित्र नेऊ नये, साडीच न्यावी. मोबाईल उजेडाचा अंदाज घेऊन रंग स्वतःच दुरुस्त करतो, आणि ती दुरुस्ती कधी बरोबर असते, कधी नसते. दोन कापडे दुकानात तंतोतंत जुळून उन्हात वेगळी दिसणे हा नेहमीचा अनुभव आहे. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडे एका उजेडात सारखी दिसली, तरी दुसऱ्या उजेडात ती सारखी दिसतीलच असे नाही. म्हणून जुळवणी नेहमी दोन उजेडांत करावी, आणि कापड ज्या वेळी नेसले जाणार त्या वेळच्या उजेडाला अधिक मान द्यावा. रात्रीच्या स्वागतसमारंभाचे ब्लाउज दुपारच्या उन्हात नाकारण्यात अर्थ नाही.

धूपछाव विणीची पैठणी किंवा खण असेल, तर ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) वेगळ्या रंगांचे असतात आणि कापड हलले की रंग पालटतो. अशा कापडाचा सरासरी रंग शोधून त्याला जुळणारे ब्लाउज आणले, तर ते प्रत्येक कोनातून थोडे चुकीचेच दिसते. कापडाची कड उलगडून ताण्याचा आणि बाण्याचा रंग वेगवेगळा पाहावा आणि त्यांपैकी एकच पक्का धरावा. माझी पसंती दोहोंतल्या गडदला असते. सुती आणि रेशमी कापडांची तंतोतंत जुळवणी करण्याचा हट्टही सोडावा. रेशीम उजेड एका दिशेने परतवते, सूत तो सगळीकडे विखुरते, त्यामुळे एकच रंग दोहोंवर सारखा दिसत नाही. तिथे जवळपासचा रंग घेण्यापेक्षा स्पष्टपणे वेगळा रंग घ्यावा. थोडासा चुकलेला मेळ डोळ्यांना खटकतो, तर ठरवून केलेला फरक निवड म्हणून शोभतो.

घरातले इतर डोळे

निर्णय पक्का करण्यापूर्वी घरातल्या सर्वांना नमुना दाखवावा, आणि तोही केवळ मान राखण्यासाठी नव्हे. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, म्हणून ज्येष्ठांना गडद निळा आणि काळा, किंवा पांढरा आणि फिकट लिंबू यांतला फरक कमी जाणवतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर "निळा एवढा निळा असतो हे विसरलेच होते" असे एखाद्या आजी म्हणतात, ते याचमुळे. रंगांधत्वाच्या नेहमीच्या प्रकारांत लाल आणि हिरव्याची गल्लत होते, आणि त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने ते पुरुषांत अधिक आढळते. कित्येकांना ते नोकरीसाठीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांमधला आकडा वाचता न आल्यावरच कळते. म्हणून न्हाणीघराचा उंबरा, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा आणि बटणांच्या पाट्या अशा ठिकाणी केवळ रंगछटेचा फरक पुरेसा मानू नये. तिथे उजळतेचा फरक हवा, आणि तो दुसऱ्या पायरीतल्या कृष्णधवल छायाचित्राने पडताळता येतो.

काम झाल्यावर

रंग मशीनवर मिसळून घेतला असेल, तर एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी मिसळून घ्यावा. तसे जमले नाही, तर डबे एका बादलीत एकत्र करून मगच लावावेत, कारण दोन वेळी मिसळलेल्या रंगांत सूक्ष्म फरक राहू शकतो आणि तो भिंतीच्या मधोमध उमटतो. शेडचा क्रमांक, कंपनी, प्रकार, चकाकी आणि तारीख यांची चिठ्ठी डब्याच्या झाकणावर चिकटवावी आणि तिचे छायाचित्रही ठेवावे. उरलेला अर्धा लिटर रंग पुढे खिळ्याची भोके बुजवायला उपयोगी पडतो. मात्र दोन-तीन वर्षांनी भिंतीचा मूळ रंग उन्हाने आणि धुराने बदललेला असतो, त्यामुळे डब्यातला तोच रंग ठिगळासारखा उठून दिसतो. अशा वेळी डागापुरता हात न मारता ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवावी. दोन भिंतींवर उजेड वेगळा पडत असल्याने कोपऱ्यापलीकडचा फरक डोळ्यांना कळत नाही.